दाढेतली चांदी आणि काचेतल्या पेशी

बाजारातून आणलेली भाजी आपण निवडून घेतो, दूध तापवून घेतो, पाणी गाळून घेतो. जे पोटात जावयाचे त्याविषयी आपल्या घरांत पुष्कळ दक्षता असते. पण कीड लागलेली दाढ भरून घेण्यासाठी दंतवैद्यांच्या खुर्चीत बसलेला मनुष्य, "डॉक्टर, आपण माझ्या दाढेत घालीत आहात ते काय आहे?" असे विचारताना क्वचितच आढळतो. वास्तविक भाजीचा आणि आपला संबंध एका दिवसाचा. दाढेत भरलेले द्रव्य दहा-दहा वर्षे तोंडात राहते. रात्रंदिवस ते लाळेत भिजते, चहाने तापते, चिंचेच्या आंबटपणाने झिजते आणि भाकरीच्या प्रत्येक घासागणिक घासले जाते. या झिजेतून सुटणारे सूक्ष्म अंश कोठे जातात? ते निरुपद्रवी आहेत हे कोणी पाहिले आणि कसे पाहिले?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. "दाढेत पारा भरतात आणि तो अंगात भिनतो" असे कोणाकडून तरी ऐकून आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईने मुलीची दाढ भरून घेण्याचे लांबणीवर टाकले. चांदनीहून नेपानगर किंवा बुऱ्हाणपूर गाठावयाचे म्हणजे दिवस मोडतो, त्यात ही भीती. तेव्हा चार महिन्यांचे आठ महिने झाले, आणि अखेर जी दाढ एका बैठकीत भरली गेली असती ती काढून टाकावी लागली. त्या माउलीची भीती मूर्खपणाची होती असे मी म्हणणार नाही. पारा विषारी आहेच. परंतु भीती खरी असली तरी ती कशाने मोजावयाची, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मी कलाशाखेची पदवीधर. प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेतल्या काचेच्या कपाटापुरता. पण इतिहास शिकविताना साक्षीपुरावा तपासावा लागतो. कोण बोलतो आहे, त्याने काय प्रत्यक्ष पाहिले आणि काय पाहणे त्याला शक्यच नव्हते, हे विचारावे लागते. दंतद्रव्यांच्या परीक्षेचा विषय असाच साक्षीपुराव्याचा आहे. येथे साक्षीदार आहेत काचेच्या भांड्यात वाढविलेल्या जिवंत पेशी.

प्रथम ही द्रव्ये कोणती ते पाहू. आपल्याकडे "दाढेत चांदी भरली" असे म्हणतात, ती नुसती चांदी नसते. चांदी, कथील आणि तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून केलेले ते मिश्रण असते, आणि वजनाने त्यातील सुमारे निम्मा भाग पारा असतो. दुसरे द्रव्य म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल यांचा लगदा. दंतवैद्यांच्या दवाखान्यात पाऊल टाकताच जो ओळखीचा वास येतो तो पुष्कळदा याचाच. १९७२ मध्ये विल्सन आणि केंट या ब्रिटिश संशोधकांनी काचेची पूड व आम्ल यांच्या संयोगातून होणारे सिमेंट जाहीर केले. तेही आता सर्वत्र वापरतात. दाताच्या रंगाचे जे भरण निळ्या प्रकाशाखाली घट्ट होते ते राळेच्या जातीचे. त्याचा पाया अमेरिकेतील राफाएल बोवेन यांनी १९६२ च्या सुमारास घातला. आणि आजोबांची गुलाबी कवळी असते अॅक्रिलिकची. यांपैकी एकही द्रव्य तोंडात पूर्णपणे अविकृत राहत नाही. कोणाचा अंश अधिक सुटतो, कोणाचा कमी, एवढाच भेद.

सुटलेला अंश दाताच्या आत कसा पोचतो हे समजण्यासाठी बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची आठवण करा. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, सातपुड्याच्या बाजूने जमिनीखाली झिरपणारे पाणी कुंड्या आणि भुयारे यांच्या मार्गाने शहरात आणण्याची ती योजना झाली. वरून जाणाऱ्याला कोरडी जमीन दिसते. खाली थेंबाथेंबाने पाणी चालू असते. दाताचेही तसेच आहे. बाहेरचे चकचकीत कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते दगडासारखे कठीण. त्याच्या खाली डेंटिन नावाचा थर असतो. तो दिसावयास भरीव, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात आरपार नळ्याच नळ्या. एका चौरस मिलिमीटरात त्यांची संख्या दहा हजारांहून अधिक भरते. या नळ्या उघडतात त्या दाताच्या जिवंत गाभ्याकडे, जेथे रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत आणि नवे डेंटिन घडविणाऱ्या पेशी आहेत. कीड कोरून काढली की नळ्यांची वरची तोंडे उघडी पडतात, आणि त्यावर आपण भरण दाबून बसवितो. म्हणजे भरणाखालून गाभ्याकडे जाणारे मार्ग हजारोंच्या संख्येने मोकळे असतात. दंतद्रव्याने पेशींना काय होते, हा प्रश्न पडतो तो यामुळे.

आता साक्षीदारांकडे वळू. शरीरातून काढलेला पेशींचा पुंजका बाहेर जगू शकेल, ही कल्पना एके काळी अशक्यप्राय वाटे. १९०७ मध्ये अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जातंतूचा सूक्ष्म तुकडा लसिकेच्या एका लोंबत्या थेंबात ठेवून तो वाढताना पाहिला. १९४० मध्ये विल्टन अर्ल यांनी उंदराच्या त्वचेखालील ऊतीपासून पेशींचा एक वंश सुरू केला, आणि १९४८ मध्ये कॅथरीन सॅनफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील एकच पेशी केसासारख्या बारीक नळीत वेगळी ठेवून तिच्यापासून सारी संतती वाढविली. हाच एल-९२९ नावाचा वंश. तो उंदीर कधीच मेला. त्याच्या एका पेशीची संतती आज जगभर प्रयोगशाळांत नांदते आहे, आणि दंतद्रव्यांच्या परीक्षेत साक्ष देण्यासाठी सर्वांत अधिक वेळा जर कोणाला पाचारण होत असेल तर ते हिलाच.

मानवी पेशींचा पहिला अखंड चालणारा वंश मिळाला तो १९५१ मध्ये, बाल्टिमोर येथे. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय स्त्री कर्करोगावर उपचार घेत होती. तिच्या गाठीतील पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि थांबेनात, वाढतच राहिल्या. ती बाई त्याच वर्षी ऑक्टोबरात वारली. तिला वा तिच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते. कुटुंबाला ही गोष्ट कळली तीही १९७० नंतर, आणि त्या पेशींच्या व्यापारावर नफा मिळविणाऱ्या एका कंपनीशी वारसांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये. विज्ञानाच्या उपकाराची यादी वाचताना हे पानही वाचले पाहिजे असे मला वाटते.

याच जॉर्ज गाय यांच्या हाताखाली पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून आली आपली एक पुणेकर कन्या. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलीचे शिक्षण हुजूरपागेत झाले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये. विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, नंतर शिष्यवृत्तीवर त्या बाल्टिमोरला गेल्या, आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ही देशातील पहिली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे स्वतःचे कार्य कर्करोगाविषयी होते. परंतु पेशी काचेत जगविण्याची विद्या एकच, मग तिच्यापुढे कर्करोगाचा प्रश्न ठेवा की दाढेतल्या सिमेंटचा. हुजूरपागेच्या बाकापासून बाल्टिमोरपर्यंतचा हा प्रवास आमच्या मुलींच्या पाठ्यपुस्तकात असावयास हवा, हे जाता जाता सांगून ठेवते.

आज आपल्याकडे पेशी हव्या असतील तर परदेशी जावे लागत नाही. पुण्यास गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे पेशींचे भांडार राखलेले आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंश इतक्या थंडीत, निरनिराळे पेशीवंश कुप्यांतून निद्रिस्त ठेवलेले असतात, आणि देशभरातील महाविद्यालये व प्रयोगशाळा ते तेथून मागवितात. उंदराचा तो एल-९२९ वंशही त्यांत आहे. तिकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत शरीरात बसवावयाच्या द्रव्यांची व उपकरणांची जैव परीक्षा करणारा मोठा विभाग आहे.

परीक्षा होते कशी? गृहिणींना विरजणाचा अनुभव आहे. दूध कोमट हवे, भांडे स्वच्छ हवे, विरजण चांगले हवे, आणि भलताच जंतू शिरला की सारे नासते. पेशी वाढविणे हा त्याहून शतपट नाजूक असा प्रकार समजा. साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि वासराच्या रक्ताचा निवळ यांनी युक्त असा गुलाबी द्रव, त्यात पेशी, भोवती शरीराइतकी म्हणजे ३७ अंशांची ऊब आणि हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड. द्रवाचा गुलाबी रंग शोभेसाठी नसतो. हळदीला चुना लागला की ती जशी लाल होते, तसा हा द्रव आंबट होऊ लागला की पिवळा पडतो, आणि पेशींचे अन्न बदलावयास हवे हे कळते.

दुसरीकडे, ज्या द्रव्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्या लहान टिकल्या साच्यात पाडतात. दंतवैद्य जसे कालवितील तसेच कालवावयाचे, तितकाच वेळ घट्ट होऊ द्यावयाचे. टिकल्या त्याच पोषक द्रवात २४ तास, ३७ अंशांवर बुडवून ठेवतात. तोंडात लाळेने जे करावयाचे ते येथे हा द्रव करतो. द्रव्यातून जे काही सुटावयाचे ते त्यात उतरते. चहाच्या पुडीचा अर्क उतरावा, तसा हा अर्क. मग तो जसाच्या तसा, निम्मा करून, चतुर्थांश करून, अशा पायऱ्यांनी पेशींवर घालतात. पेशी असतात पोस्टकार्डाहून किंचित लहान अशा प्लास्टिकच्या तबकडीत. तिला ९६ खळगे, आणि प्रत्येक खळग्यात सुमारे १०,००० पेशी. आणखी एक दिवस वाट पाहावयाची.

त्यानंतर विचारावयाचे: तुमच्यापैकी जिवंत किती? पेशींची शिरगणती एकेक करून होणे नाही. १९८३ मध्ये टिम मॉसमन यांनी एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. एमटीटी नावाचे पिवळे रंजक पेशींना पाजावयाचे. जिवंत पेशीचा चयापचय चालू असतो, ती त्या पिवळ्याचे जांभळे स्फटिक बनविते. मेलेली पेशी काहीच करीत नाही. स्फटिक विरघळवून प्रकाश त्यातून सोडला की जांभळा रंग किती गडद आहे हे यंत्र आकड्यात सांगते. ज्या खळग्यांत नुसताच पोषक द्रव घातला होता त्यांचा रंग शंभर धरावयाचा आणि इतरांची तुलना त्याशी करावयाची. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १०९९३ क्रमांकाच्या मानकाचा पाचवा भाग या परीक्षेचे नियम सांगतो, आणि ७४०५ क्रमांकाचे मानक दंतद्रव्यांसाठीच आहे. पेशींची जीवनक्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर ते द्रव्य पेशींना घातक मानतात.

या पद्धतीतील एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक वेळी नव्या द्रव्याबरोबर दोन जुनी द्रव्येही परीक्षेला बसवितात. एक असे की जे निरुपद्रवी असल्याचे आधीच ठाऊक आहे, आणि दुसरे असे की जे घातक आहे यात शंकाच नाही. पहिल्याने पेशी मेल्या किंवा दुसऱ्याने मेल्या नाहीत, तर त्या दिवशीचा सारा निकाल रद्द. साक्षीदार शुद्धीवर आहे की नाही हे आधी पाहावयाचे आणि मग त्याची साक्ष नोंदवावयाची! आमच्या शालेय परीक्षांतही असे काही करता आले असते तर किती बरे झाले असते.

येथवर सारे सरळ आहे. आता लवंगेच्या तेलाची गोष्ट सांगावयाची, कारण या विषयाची सारी गंमत आणि सारी अडचण तिच्यात आहे.

माझे माहेर कोकणी बोलणारे. दात ठणकू लागला की आजीचे वाक्य ठरलेले असे: "दांताक लवंगेचें तेल लाय." मराठी घरांतही हाच उपाय. कापसाचा बोळा तेलात बुडवून दाताखाली धरावयाचा, आणि थोड्या वेळाने ठणका उतरावयाचा. शेकडो वर्षांचा हा अनुभव आहे, आणि दंतवैद्यांनीही जस्ताच्या भुकटीबरोबर त्याच युजेनॉलचा लगदा करून तो दुखऱ्या दातात शामक म्हणून घातला. आता या लगद्याची टिकली करून तिचा अर्क पेशींवर घाला. पेशी पटापट मरतात! काचेतील परीक्षेत हे शामक औषध पुष्कळ वेळा घातक द्रव्यांच्या पंक्तीत जाऊन बसते.

मग कोण खोटे, आजी की पेशी? दोघीही खऱ्या. भेद आहे तो मधल्या भिंतीचा. दातात लगदा आणि गाभा यांच्यामध्ये डेंटिनचा थर असतो. त्या बारीक नळ्यांतून युजेनॉल झिरपते खरे, पण थोडे थोडे आणि सावकाश. वाटेत त्याचा बराच भाग अडतो, आणि गाभ्यापाशी जे पोचते ते रक्तप्रवाह वाहून नेतो. तेवढी अल्प मात्रा मज्जातंतूंना बधिर करते, पेशींना मारीत नाही. काचेच्या खळग्यातील पेशींना ना भिंत, ना रक्तप्रवाह. अर्कात जे आहे ते सारे त्यांना प्यावेच लागते. आणि भिंत नसेल तर दातातही तसेच घडते: कीड गाभ्यापर्यंत पोचून तो उघडा पडला असेल, तर त्यावर युजेनॉलचा लगदा प्रत्यक्ष ठेवू नये, असे दंतवैद्यक सांगते. पेशींची साक्ष अशा वेळी शब्दशः खरी ठरते.

ही विसंगती ध्यानात आल्यावर शास्त्रज्ञांनी परीक्षाच सुधारली. काढलेल्या दाताच्या डेंटिनची पातळ चकती कापावयाची, एका बाजूस द्रव्य ठेवावयाचे आणि दुसऱ्या बाजूस पेशी. चकतीतून जेवढे झिरपेल तेवढ्याचाच परिणाम मोजावयाचा. कुंडी भंडाऱ्याचे पाणी डोंगरावर न चाखता शेवटच्या कुंडीत चाखण्यासारखे हे आहे. अशा परीक्षेत पुष्कळ द्रव्यांचा निकाल बदलतो. तरीही पहिली, भिंतीवाचूनची परीक्षा टाकून दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे. कारण कोणत्या मुलाच्या दाढेत किती जाड भिंत उरली असेल हे कारखान्यात बसून कोणाला कळावयाचे?

काचेतील पेशींना जे दिसत नाही तेही सांगितले पाहिजे. राळेच्या भरणातील किंवा अॅक्रिलिकमधील काही घटकांची काही माणसांना अॅलर्जी होते. ही द्रव्ये रोज हाताळणाऱ्या दंतवैद्यांच्या आणि कवळी घडविणाऱ्या कारागिरांच्या बोटांवर चट्टे उठतात. पातळ हातमोज्यांतूनही ही द्रव्ये आरपार जातात. अॅलर्जी हा सबंध शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचा व्यवहार आहे. एकट्यादुकट्या पेशीला त्याचा पत्ता नसतो. म्हणून पेशींच्या परीक्षेत उत्तीर्ण होणे हा पहिला उंबरठा, शेवटचा नव्हे.

राळेच्या भरणाविषयी पेशींनी जी माहिती दिली ती मात्र प्रत्येक रुग्णाच्या उपयोगाची आहे. हे द्रव्य नळीतून निघते तेव्हा मऊ असते. निळ्या प्रकाशाने त्याचे सुटे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन ते कठीण होते. सारेच रेणू कधी गुंफले जात नाहीत. काही सुटे राहतात आणि त्यांतील बराचसा भाग पहिल्या दिवसातच बाहेर पडतो. प्रकाश कमी वेळ दाखविला, दिवा जुना होऊन मंदावला, किंवा थर फार जाड घातला, तर सुट्या रेणूंचे प्रमाण वाढते, आणि तेच द्रव्य, त्याच नळीतले, अधिक पेशी मारते. म्हणूनच बहुतेक राळ सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थराला वेगळा प्रकाश द्यावयाचा असतो. द्रव्य निर्दोष आहे की नाही, हे अशा प्रकारे कारखान्याइतकेच हातावरही अवलंबून असते. घाई करणाऱ्या रुग्णांनी हे लक्षात घ्यावे. दंतवैद्य दिवा धरून बसले आहेत ते उगाच नव्हे.

कवळीचेही तसेच. पाण्यात शिजवून घट्ट केलेल्या अॅक्रिलिकमध्ये सुटे रेणू कमी राहतात. न शिजविता आपोआप घट्ट होणाऱ्या प्रकारात ते अधिक राहतात. नवी कवळी घालण्यापूर्वी ती एक-दोन दिवस पाण्यात ठेवली तर पुष्कळसे सुटे द्रव्य पाण्यात उतरते. घरोघरी आजोबांना जमेल असा हा उपाय आहे. रस्त्याच्या कडेला बसून तासाभरात दात बसवून देणारे कारागीर आपल्या देशात अनेक शहरांत अजून दिसतात. ते हाच आपोआप घट्ट होणारा लगदा ओला असतानाच हिरडीवर आणि शेजारच्या दातांवर थापतात. तोंडात हिरडीला भिंत नाही, आणि ओल्या लगद्यातील सुटे द्रव्य सर्वांत अधिक असते. काचेतील पेशींना हे दृश्य दाखवून साक्ष मागावयाची गरज नाही.

पाऱ्याचे काय, हा त्या माउलीचा प्रश्न अजून उरला आहे. चांदीचे भरण ताजे असताना पेशींना अधिक त्रास देते. घट्ट झाल्यावर त्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो, आणि जस्त नसलेली मिश्रणे सामान्यतः जस्त असलेल्यांपेक्षा सौम्य ठरतात. म्हणजे काचेतील साक्ष तितकी भयंकर नाही. तरीही भरणातून पाऱ्याची अत्यल्प वाफ निघत राहते, हे खरे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये असा सल्ला दिला की गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे रुग्ण यांना शक्यतो हे भरण देऊ नये. पण ज्यांच्या दाढेत चांगल्या स्थितीत ते आहे त्यांनी केवळ भीतीने ते उकरून काढू नये, कारण उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, काही वैद्यकीय अपवाद सोडून, हे भरण बंद केले. त्यामागचे मोठे कारण रुग्णाच्या दाढेत नाही, ते नदीत आहे. जपानमधील मिनामाटा येथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने मासे विषारी झाले आणि मासे खाणारी माणसे पंगू झाली. १९५६ मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याच गावाच्या नावाने पाऱ्याचा वापर घटविण्याचा जागतिक करार २०१३ मध्ये झाला, आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. दवाखान्याच्या मोरीतून वाहून गेलेला पारा तापीसारख्या नदीला मिळाला तर पुढे काय होईल, हा प्रश्न ९६ खळग्यांच्या तबकडीला विचारताच येत नाही. ज्या साक्षीदाराने नदी पाहिली नाही त्याच्याकडून नदीची हकीगत घ्यावयाची नसते.

मात्र त्या माउलीपुढे दोनच वाटा नव्हत्या. चांदीचे भरण नको असेल तर काचेचे सिमेंट आहे, राळेचे भरण आहे. दंतवैद्यांना विचारले असते तर त्यांनी ते सांगितले असते. "कोणते द्रव्य घालणार? त्याची मुदत संपलेली नाही ना? मागे मुलीच्या अंगावर अमुक कारणाने पुरळ उठले होते, त्याचा याच्याशी संबंध येईल काय?" हे तीन प्रश्न विचारावयास कोणतीही पदवी लागत नाही. आपल्या देशात २०१८ पासून अमलात आलेल्या वैद्यकीय उपकरणविषयक नियमांखाली दंतद्रव्येही येतात; म्हणजे वेष्टनावरचा मजकूर वाचण्याचा व विचारण्याचा रुग्णाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

पूर्वी अशा द्रव्यांची परीक्षा पुष्कळ अंशी प्राण्यांवर होई. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या इंग्लंडमधील दोघा संशोधकांनी असा आग्रह धरला की जेथे प्राण्यांवाचून काम भागते तेथे त्यांना वगळावे, जेथे भागत नाही तेथे त्यांची संख्या कमी करावी आणि यातना कमी कराव्यात. पेशींच्या परीक्षेने यातील पहिली गोष्ट बऱ्याच प्रमाणात साधली. जे द्रव्य काचेतच नापास होते ते पुढे प्राण्यांपर्यंत जात नाही. अर्थात पेशींना पाजावयाचा रक्ताचा निवळ न जन्मलेल्या वासरांचा असतो, हे कळल्यावर माझे समाधान जरा उणावले. त्याला पर्याय शोधण्याचे काम चालू आहे.

आणि साक्षीदारही बदलत आहेत. उंदराच्या पेशींऐवजी मनुष्याच्याच दातातील पेशी वापराव्यात, या दिशेने आता पुष्कळ काम होते. शहाणपणाच्या दाढा काढल्या जातात त्यांच्या गाभ्यातून अशा पेशी मिळतात. २००३ मध्ये तर संशोधकांना असे आढळले की मुलांच्या पडणाऱ्या दुधाच्या दातांच्या गाभ्यातही भरभर वाढणाऱ्या मूळपेशी असतात. आपल्याकडे पडलेला दुधाचा दात कौलावर फेकण्याची रीत आहे. कोठे कोठे तो उंदराच्या बिळात टाकतात, म्हणजे नवा दात उंदरासारखा बळकट येतो म्हणे. प्रयोगशाळेला मात्र असा दात वाळण्याच्या आत, पोषक द्रवाच्या थंड कुपीत, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी हवा असतो.